बेंबीची राख

४ जुलै, शिराळा
दवाखान्यातून माहेरी आले. मुलगी. वजन कमी, पण दूध ओढते. नाळेचं देठ अजून ओलं. निघताना सिस्टर बजावून म्हणाल्या, ‘कोरडं ठेव. काही लावायचं नाही.’ आई शेजारीच. मान हलवली तिनं.

६ जुलै
अंघोळीहून आले तर बेंबीवर राख. शेणीची, तेलात कालवलेली. म्हटलं, आई, सिस्टर नको म्हणाल्या ना. ‘त्यास्नी काय कळतंय. तुमा भावंडांस्नी हीच लावल्ती.’ पुसून काढली. आई जेवली नाही.

८ जुलै
पुन्हा राख. मी झोपल्यावर लावत असणार. बेंबीभोवती लाल कडं. वास येतोय. ‘पिकल्याबिगार नाळ पडंल व्हय?’ म्हणे. भांडले.

९ जुलै
सकाळपासून अंगावर पीत नाही. अंग तापलेलं, रडणं बारीक. दादानं गाडी काढली. इथल्या डॉ.नी बघितलं अन् तसंच सांगलीला पाठवलं. बाळ आईच्या मांडीवर. सगळ्या वाटेनं आई तिच्या नाकापुढं बोट धरून.

१० जुलै, सांगली
काचेच्या पेटीत ठेवलंय. इन्फेक्शन रक्तात गेलंय, डॉ. म्हणाले. ‘बेंबीला काय लावलं?’ मी म्हणाले, राख. कुणी, ते तोंडातून निघेना. आईच बोलली, ‘म्या लावली, सायेब.’ डॉ.नी ते कागदावर लिहून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

११ जुलै
ह्यांचा फोन, जम्मूहून. रजा मिळाली, परवा पोचतील. ‘मी यायच्या आत तुझ्या आईला घरी पाठव.’ मी बरं म्हणाले.
सांगायला गेले तर आई जिन्याच्या पायरीवर बसलेली. माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘तुज्या आदीचा पोरगा बी असाच गेला. बेंबी लाल झाल्ती. दूध सोडलं. आमी दिष्ट काढत बसलो.’
तो दिष्ट लागून गेला, एवढंच आजवर ऐकलेलं.
शेजारी बसले. जा म्हणणं झालं नाही.

१२ जुलै
ताप तसाच. लाली पोटावर सरकलीय. औषध बदललं. ‘बघू,’ एवढंच म्हणतात. दूध पिळून देते, नळीनं घालतात.
आई म्हणाली, ‘एकदा बघू दे. लांबनं.’ सिस्टरांनी कोपरापर्यंत हात धुवायला लावले. पेटीपाशी हात पाठीमागं बांधून उभी राहिली. सिस्टर म्हणाल्या, ‘बोट द्या तिच्या हातात, चालतंय.’ दिलं नाही. बाहेर आली.
ह्यांची गाडी उद्या सकाळी मिरजेत. आई इथंच आहे.