नवे लायनर आणि खंडाळ्याचा घाट

मंगळवार, १२ नोव्हेंबर १९६८, लोणावळा

अक्षर वाकडं येतंय. कालच मोटारसायकलच्या दोन्ही ब्रेकना चाक घासून धरणारे नवे लायनर बसवले. मेकॅनिक सदूभाऊंनी बजावलं होतं, "मास्तर, आधी शंभर मैल सपाटीला फिरवा. लायनर घासून बसल्याबिगर घाटात जायचं न्हाई." तरी आज कुसुमला खोपोलीला माहेरी सोडायला निघालो. कशाची घाई होती मला?

खंडाळ्याच्या उतारावर मागच्या ब्रेकवर पाय पूर्ण दाबला, पुढचा ब्रेकही आवळला, तरी गाडी धावतच राहिली. समोरून मालट्रक येत होता. गिअर उतरवून गाडी डोंगराच्या अंगाला घातली, तेव्हा ती मुरमात रुतून थांबली. आता लिहितानाही पाय आपोआप खाली दाबला जातोय.

कुसुमला म्हणालो, "इंजिन तापलंय." ती पदर खोचून गाडीमागे उभी राहिली. दोघं गाडी ढकलत चढ चढून परत आलो.

संध्याकाळी चहा देताना तिनं विचारलं, "ब्रेक लागला नव्हता ना?"

"तुला कळलं होतं?"

"तुमची पाठ एकदम ताठ झाली. मी ओरडले असते तर तुम्ही आणखी घाबरला असतात."

ती स्वतः किती घाबरली होती, हे विचारायचा धीर मला अजून होत नाही.