तीन बाटल्या आणि एक गालिचा

मु. भीमपूर, जि. आदिलाबाद
५ फेब्रुवारी २००२

तीर्थस्वरूप वामनराव दाजींना धाकट्या मेव्हण्याचा, महिपतचा, दंडवत.

इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे कापूस अजून घरातच पडून आहे आणि रजेवर घरी आलेली रेणुका दोन दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही. किनवटला आशाअक्काचा गुडघा कसा आहे? (निरगुडीचा पाला गरम करून बांधा. डॉक्टरच्या नादी लागू नका, तो गुडघा सोडून बाकी सगळं तपासतो.)

रेणुकाच्या मंचेरियलच्या स्थळाचं काय झालं, असं तुम्ही मागच्या कार्डात विचारलं होतं. मोडलं. मीच मोडलं. मुलाबद्दल माझी तक्रार नाही. कोळसा खाणीत इंजिनिअर आहे, रेणुका तिथंच शाळेत शिकवते, दोघांनी एकमेकांना पसंतही करून टाकलं होतं. (आपल्याला फक्त हो म्हणायला बोलावलं होतं. हल्ली मुलीच्या बापाला एवढंच काम उरलंय.) खरं दुखणं मुलाचा बाप. अमृतराव नाव. मूळचा पैनगंगेकाठचाच, आपल्यासारखाच ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला. पण वीस वर्षं नाशकात द्राक्षांच्या दारूच्या कारखान्यात नोकरी केली आणि गडी पार कामातून गेला. दारू म्हटलं की त्याला राग येतो. वाइन म्हणायचं.

तर रविवारी दुपारी जेवणाचं आमंत्रण. घरी नाही, हॉटेलात. बसमध्ये दीडशे किलोमीटर हाडं खिळखिळी करून घेतली आणि पोचलो. भर दुपारी पडदे ओढून अंधार केलेला, टेबलावर मेणबत्ती. (ताटात काय वाढलंय ते दिसू नये म्हणून असावं.) अमृतराव, मुलगा, आणि अमृतरावांची आई विठाबाई, अशी तीन माणसं त्यांची. आमची दोन. अमृतरावांनी नाशकाहून स्वेटरात गुंडाळून, बाळंतिणीला जपावं तशा, तीन बाटल्या आणल्या होत्या. हॉटेलवाल्याची खास परवानगी काढली होती म्हणे.

मग जे प्रवचन सुरू झालं ते विचारू नका. एका बाटलीचं बूच काढून त्याचा वास घेतला. नंतर पेल्यात ओतून पेला गरगर फिरवला आणि त्यात नाकच घातलं. माशी पडली की काय म्हणून मीही वाकून पाहिलं. तर म्हणे, हिला भिजल्या मातीचा वास आहे. दाजी, मातीच्या वासासाठी माणसानं मंचेरियल गाठावं? माझ्या चपलेला काय कमी माती होती? शिवाय कुठल्या बाटलीबरोबर काय खायचं ते बाटली ठरवते म्हणे. आपल्याकडे जे शिजलंय ते खातात आणि जे मिळालंय ते पितात. (दारूबंदीच्या दोन वर्षांत तर लोकांनी काय काय प्यायलं ते आठवा, आणि त्याबरोबर काय खायचं हे कुणी विचारलं का तेही आठवा.)

आता नीट वाचा. वेटरनं फक्त माझ्या पेल्यात ओतलं, तेही बोटभर. अमृतरावांचा तो वासाचा पेला सोडला तर बाकी सगळ्यांचे पेले रिकामे. अमृतराव कमरेत वाकून म्हणाले, दादा, आधी तुम्ही. आपली रीत तुम्हाला काय सांगायची? शिंदी असो की मोहाची, पंगतीतल्या वडीलधाऱ्यानं आधी गेलेल्यांच्या नावानं मातीला थेंब द्यायचे, मगच बाकीच्यांनी तोंडाला लावायची. तुम्हीच मला शिकवलं. मला वाटलं, वाहवा, वीस वर्षं नाशकात राहून गडी विसरला नाही. मी खुर्चीवरून वाकलो, मनात नाव घेतलं आणि ओतलं. गालिचा पांढरा होता. हा काही माझा दोष नव्हे.

अमृतरावांचा चेहरा पडला. त्यांनी खूण केली, वेटरनं दुसरी बाटली फोडली आणि पुन्हा माझ्याच पेल्यात बोटभर. मी पुन्हा ओतलं. तिसरी फोडली. तिसऱ्यांदा मला वाटलं, आता यांच्या घरच्यांचा मान असणार. म्हणून विठाबाईंना मी अदबीनं विचारलं, मालकांचं नाव काय होतं? म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला, म्हणाली, भिवाजी. मी भिवाजींच्या नावानं ओतलं.

तेव्हा अमृतरावांनी हात जोडले. तिन्ही बाटल्यांत काय खोट निघाली, तेवढं सांगा, म्हणाले. म्हणजे हा माणूस इतका वेळ समजत होता की मी कुणी मोठा पारखी आहे आणि नुसत्या नजरेनं त्याचा माल नापास करतो आहे! मी रीत सांगितली. त्यानं सांगितलं, बोटभर ओततात ती चव बघायला, पाहुण्यानं हो म्हटलं की मग सगळ्यांना वाढतात. आणि तो हसायला लागला. ठसका लागेपर्यंत हसला. मुलगा हसला, वेटर हसला, आपली रेणुकासुद्धा तोंडावर हात ठेवून हसली. तेवढ्यात मॅनेजर गालिचा बघायला आला.

मी उठलो. मेलेल्याला थेंब देताना ज्या घरात हसू येतं, त्या घरात माझी लेक जाणार नाही, असं बजावलं आणि रेणुकाला घेऊन निघालो. दारातच बिर्याणीचं भांडं समोरून आलं. (वास चांगला होता. खोटं कशाला बोलू?) बसस्टँडवर मिरचीची भजी खाल्ली. रेणुकानं एकालाही हात लावला नाही.

आणि ज्या वाइनचा एवढा तोरा, ती तरी काय? आंबट, तुरट, घशाला खरवडणारी, जुन्या चिंचेच्या पाण्यासारखी. तिच्यापुढं आपली सकाळची शिंदी म्हणजे अमृत. असल्या लोकांशी सोयरीक न झालेली बरी. अक्काला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
महिपत

ता. क. – पत्र परत वाचलं. तुम्ही हिशेबी माणूस, तुमच्या ध्यानात येईलच, म्हणून आधीच सांगतो. तिन्ही वेळा मी ओतून दिली. एक थेंबही माझ्या तोंडात गेला नाही. चवीचं लिहिलं ते अंदाजानं.

ता. क. २ – एक गोष्ट वर लिहिली नाही. पहिल्यांदा मी पूर्वजांना दिली. दुसऱ्यांदा पेला भरला तेव्हा मला वाटलं, या लोकांना ठाऊक आहे. रेणुकाची आई हा दिवस बघायला राहिली नाही, म्हणून भागीरथेचा वेगळा मान काढला. किती समजूतदार माणसं, असं मनात आलं आणि मी तिचं नाव घेऊन ओतलं. मग ते हसले. दाजी, मला राग वाइनचा आला नव्हता.

ता. क. ३ – निघताना विठाबाई लेकावर ओरडलेलं मी ऐकलं होतं. "हसून काऊन राह्यला रे? तुया बापाचं नाव त्या मानसानं घेतलं. तू कवा घेतलं?" म्हातारी येत्या रविवारपर्यंत मंचेरियललाच आहे. तुम्ही अक्काला घेऊन तिथं जा आणि मोडलेलं जोडून या. मी जाऊ शकत नाही, मी फार बोलून बसलो आहे. अट एकच: साखरपुड्याला बाटली अमृतरावांनी उघडावी आणि पहिले थेंब स्वतःच्या हातानं भिवाजींना द्यावेत. मग त्यांनी खुशाल पेल्यात नाक घालावं. एक पेला माझ्यासाठी ठेवायला सांगा. रेणुकाची आई आणि मी शिंदी एकाच लोट्यातून प्यायचो, तिचा घोट आधी, मग माझा. तिचा तिला पोचला आहे. माझाच तेवढा राहिला आहे.