पाच टक्क्यांची मुडी

कोरगाव, मंगळवार, संध्याकाळ

पणजीच्या ऑफिसातला सर्व्हर आज तुडुंब भरला. एरवी त्यावरचं लिनक्स पाच टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्या माझ्यासाठी, राखून ठेवतं. बाकीच्यांची जागा संपली तरी मला साफसफाई करता येते. पण गेल्या महिन्यात साहेब म्हणाले, "ती पाच टक्के कुणासाठी अडवलीस? सोडून दे." मी सोडली. आज रूटलाही एक ओळ लिहिता येईना, आणि साहेब चारचौघांत मलाच विचारतात, "थोडी जागा राखून ठेवायची अक्कल नाही?"

घरी बाबांना सांगितलं. घरात तांदूळ संपला तरी ते बियाण्यासाठी पेंढ्यात बांधून ठेवलेल्या भाताच्या मुडीला हात लावू देत नाहीत. म्हणाले, "सायबान सांगल्यान म्हणान तू मुडी फोडलंस?"