चौथा सिलिंडर

१४ ऑक्टोबर

वहिनी,

नमस्कार. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचा खोकला उतरलाय. गॅरेजचे गळके पत्रे एकदाचे बदलले. छोटीला दात आले का?

दादा माझी पत्रं फोडत नाही, म्हणून हे तुमच्या नावाने. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "लग्नाआधी बोटीवर नेमकं काय झालं? बोटांचं विचारलं की हे उठूनच जातात." मी काम आहे म्हणून फोन ठेवला. काम काही नव्हतं.

आधी इंजिन समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. सिलिंडर म्हणजे जाड नळा आणि पिस्टन म्हणजे त्यात वरखाली सरकणारा दट्ट्या. तो खाली येताना हवा आत ओढतो. वर जाताना ती इतकी दाबतो की ती भट्टीसारखी तापते. तेवढ्यात डिझेलचा फवारा पडतो, भडका उडतो आणि दट्ट्या जोरात खाली ढकलला जातो. पुन्हा वर येताना धूर बाहेर. दट्ट्याच्या खाली दांडा असतो. तो खालचा आस फिरवतो आणि आसामुळे बोटीचा पंखा फिरतो. हा दांडा आसाला दोन बोल्टांनी धरलेला असतो. मिनिटाला हजार-दीड हजार हिसके ते सोसतात. म्हणून ते अंदाजाने आवळायचे नसतात, किती जोर लागला ते दाखवणाऱ्या मापाच्या पान्यानेच आवळायचे.

फेरीबोटीचं इंजिन आम्ही दोघांनी खोलून बांधलं. तीन सिलिंडर दादाने, चौथा मी. बोटीचा मालक दारात उभा राहून घाई करत होता. मी बोल्ट हातानेच बसवले, माप राहून गेलं. खालचं झाकण लावताना दादाने विचारलं, "चौथा मापाने आवळलास ना?"

मी म्हटलं, "हो."

वहिनी, एवढंच खोटं बोलले.

तिसऱ्या दिवशी भर नदीत दांडा सुटला आणि इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. बोट बंधाऱ्याच्या दिशेने वाहायला लागली. आत एकतीस माणसं. इंजिनाचा आवाज ठीक येतोय का ते ऐकायला म्हणून दादा बोटीवरच होता. त्याने नांगर टाकला. सुटत्या दोरात त्याची दोन बोटं गेली. बोट थांबली, माणसं वाचली.

दवाखान्यात बाबांनी विचारलं, "चौथा कोणी बांधला?" दादाने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी खाली मान घालून नखांतलं ग्रीस काढत राहिले. मग तोच म्हणाला, "मी."

बाबांनी त्याला गॅरेजची पायरी चढू दिली नाही. मी बोलेन म्हणून तो महिनाभर थांबला असावा. मग गेला. सहा वर्षं झाली.

काल मी बाबांना सांगितलं. ते ओरडतील म्हणून तयारीत होते. त्यांनी फक्त विचारलं, "त्याला तेव्हा माहीत होतं?" मी हो म्हटलं. ते स्टुलावर बसले आणि बसूनच राहिले. आज सकाळी पिशवी भरली आणि मला म्हणाले, "तू येऊ नकोस."

हे पत्र कुरिअरने उद्या मिळेल, तेव्हा ते बहुधा तुमच्या दाराशी पोचतच असतील. माफी मागणं त्यांना जमायचं नाही. नुसतेच उभे राहतील. दार तेवढं दादालाच उघडू द्या.

आणि हे पत्र त्याला वाचून दाखवा. उठून गेला तर मागून जाऊन वाचा.

त्याची बहीण म्हणवून घ्यायला सहा वर्षं उशीर केलेली,
तुमची नणंद