काचघरातला कांदा

देवळा,
९ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षालीस,
अनेक आशीर्वाद. रागात आहे म्हणून आशीर्वादात काटछाट केलेली नाही.

परवा फोन मीच आपटला. फोनवर तू समजावतेस, मी ओरडतो आणि तुझी आई मधे पडून दोघांनाही गप्प करते. कागदावर निदान माझं पूर्ण ऐकशील.

दिवाळीचा फराळ घेऊन मी तुझ्या गंगापूर रोडच्या संस्थेत आलो होतो. तूच मला पांढरा कोट चढवून काचघर दाखवलंस, करपा, तो पात जाळणारा रोग, न पडणारा कांदा दाखवलास. दाराशी तेच कांदे भट्टीत जाळायला पिशवीत भरून ठेवले होते. गोल, घट्ट, बारीक मानेचे. जन्मभर कांदा पिकवणाऱ्याने ते बघून पुढे कसं जायचं? थोडे खिशात टाकले आणि घरी आणून बियाण्याच्या वाफ्यात, बी धरायला लावलेल्या आपल्या डोंगळ्यांशेजारी लावले. आता गोंडे फुलले, एकावरही करपा नाही, म्हणून मी कौतुकाने तुला कळवलं. तर तू म्हणतेस की सगळा वाफा उपटून जाळा, आणि वर तू सरकारी समितीला कळवणार.

आपलं बी काय आहे हे तुला माहीत आहे. तुझ्या जन्माआधीपासून दरवर्षी कांदाचाळीत साठवलेला एकेक कांदा हाताने निवडून मी ते जपलं. कांद्याचं बी वर्षभरापलीकडे धड उगवत नाही, म्हणजे यंदाचं गेलं की ते कायमचंच गेलं. आणि बापाचं नाव सरकारदरबारी द्यायचं, हे कुठे शिकलीस? आई म्हणते की पोरीने विचार करूनच केलं असेल. मी वाफा उपटणार नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस.
तुझा,
नाना


नाशिक,
१३ फेब्रुवारी

ती. नानांस,
साष्टांग नमस्कार. आईलाही सांगा.

तुम्ही रागावलात, तर मीही रागावले आहे. मी तुम्हाला आत नेलं ते अभिमानाने. बाहेरच्या माणसाला तिथे नेत नाहीत, पण माझे नाना कांद्यातले जाणकार म्हणून साहेबांकडून परवानगी काढली. आणि तुम्ही खिसे भरलेत. परक्याने हे केलं असतं तर तुम्ही त्याला चोरच म्हणाला असता.

त्या कांद्यात दुसऱ्या वनस्पतीचा गुण प्रयोगशाळेत घातलेला आहे. तो खाल्ला तर माणसाला, जनावराला काय होतं, हे अजून कोणी तपासलेलं नाही. तपासून होईपर्यंत कांदा, बी, साधं पानसुद्धा बाहेर जाऊ द्यायचं नाही, या अटीवरच सरकारने आम्हाला काम करू दिलं आहे. गेलंच तर लगेच कळवायचं. तुमच्या वाफ्यातली मधमाशी त्या गोंड्यावरून तुमच्या गोंड्यावर बसते आणि तिथून शेजारच्या पुंजारामकाकांच्या. तिला बांध कळत नाही. पुढच्या वर्षी ते बी तुम्ही भावकीत वाटाल, कारण तुम्ही मागणाऱ्याला कधी नाही म्हणत नाही. मग ते कुणाकुणाच्या शेतातून परत गोळा करायचं?

मी अहवाल दिला, पण साहेबांनी तो खणात ठेवला. म्हणतात की कांदे भट्टीतच जळाले असं लिही, नाहीतर परवानगी जाईल आणि सगळ्यांचं काम बंद पडेल. घरी बाप ऐकत नाही आणि इथे साहेब. मला संताप आवरत नाही. राजीनामा लिहून ठेवला आहे, सोमवारी देते.

गोळ्या वेळेवर घ्या. माया असू द्यावी, ती मी रागातही मागते.
आपली,
हर्षाली


देवळा,
१६ फेब्रुवारी

चि. हर्षालीस,
आशीर्वाद. हे पत्र चुलतभाऊ खंडेरावाच्या हाती पाठवतो आहे, सोमवारच्या आत मिळायला हवं.

काल तुझे साहेब स्वतः आले होते, पेढे घेऊन. तुमचे तेवढे कांदे त्यांनी उपटून गोणीत भरले आणि म्हणाले की काका, बाकीचा वाफा राहू द्या, खुशाल बी धरा. मी विचारलं की मधमाशी येऊन गेली त्याचं काय. ते हसले. मुलगी नवीन आहे, पुस्तकातलं फार मनावर घेते, असं म्हणाले. मग एक कागद पुढे केला. मी संस्थेतून काही आणलं नाही, असं त्यावर लिहिलं होतं.

माझं डोकंच फिरलं. ज्या नियमासाठी माझी पोर बापाशी भांडली, तो हा माणूस पेढ्याच्या पुडक्यात गुंडाळून नेत होता. कागदावर सही केली नाही. पेढे परत दिले.

आज सकाळी मी वाफा उपटला. फुललेले गोंडे होते. आई मदतीला आली. जाळताना मात्र माझ्याच्याने उभं राहवेना. पुढच्या हंगामात हा कारभारी बाजारातून बी विकत आणणार, ते तू बघायला येऊ नकोस.

नंतर पुंजारामला जाऊन सगळं सांगितलं. त्याने मला लय शिव्या दिल्या, त्या मी ऐकून घेतल्या. तो आपला वाफा अजून उपटत नाही. मी रोज त्याच्या बांधावर जाऊन उभा राहणार आहे.

माझा राग गेलेला नाही. तुझ्यावरचा थोडा, माझ्यावरचा बराच आणि त्या साहेबावरचा सगळा शिल्लक आहे. तुझा अहवाल त्याच्या खणात असेल, म्हणून मीच दिल्लीच्या समितीला पत्र लिहिलं. कांदे मी चोरले, काचघरातून चोरले, आणि मुलीने कळवलं तरी साहेबाने ते दाबलं, असं नावगावासकट लिहिलं आहे. खंडेराव ते नाशिकहून रजिस्टरने टाकेल.

तेव्हा राजीनामा फाडून टाक. समितीची माणसं आली की त्यांना काचघराचं दार उघडून द्यायला तू तिथे असली पाहिजेस.

तुझा,
नाना