मी मेलो नव्हतो त्याबद्दल

मी, अँथनी पास्कोल रुमाव, वय ७८, धंदा शेती, राहणार गिरीज, तालुका वसई, जिल्हा पालघर, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करीत आहे. मी जिवंत आहे हेही नमूद करतो, कारण गेल्या वर्षी मी मेलो याबद्दल गावात दुमत नव्हते.

१. घडले असे. माझी दिवंगत पत्नी ज्युली हिच्या पुण्यतिथीच्या मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेची, सूचना चर्चच्या ग्रुपवर टाकायची होती. तिचा एकटीचा फोटो घरात नाही, म्हणून पुतण्या स्टॅनीला आमचा जोडीचा दिला. त्याने खाली मेणबत्ती जोडून 'स्मरणार्थ' एवढेच लिहिले. दुपारपर्यंत लोकांनी मला चिरशांती देऊन टाकली. ज्यांनी कधी माझी पायरी चढली नाही त्यांनीही माझे गुण गायले. वाचून बरे वाटले, आणि मग फार एकटे वाटले.

२. पहिली आली ती शेजारच्या वाडीतली जयवंती. म्हणाली, “सगळी रडतात, पन तुमचा पंप तर चालू. मेलेला मानूस पानी सोडतो काय? म्हनून बघायला आले.”

संध्याकाळी मुलगा गॉडफ्रे नायगावहून थेट शवपेटी घेऊन आला. मी विचारले, “आधी मला फोन का नाही केलास?”

“एवढ्या लोकांनी लिहिलं होतं, डॅडी. आणि मेलेल्या माणसाला फोन कोण करतं?”

जिवंत माणसालाही तो कुठे करतो. त्या दिवशी आईची पुण्यतिथी आहे हेही त्याला आठवले नाही. पेटी माळ्यावर आहे, तीच वापरावी.

किती जण सांगतात हे मी आता मोजत नाही. जो स्वतः बघून येतो त्याचे ऐकतो.

३. घर, वाडी, विहीर व बँकेतील शिल्लक गॉडफ्रेला. स्टॅनीला तो फोटो.

४. जयवंतीला नारळाची एक रांग देणार होतो. वकील म्हणाले, साक्षीदाराला काही ठेवले तर ते रद्द ठरते. नारळ घेशील की साक्षीदार होशील, असे तिला विचारले. म्हणाली, “नारळ माझ्याकडे पन हायेत, भाऊ. सही कुठे करू?” म्हणून तिला काहीही देत नाही. याचे वाईट वाटते, पण माझ्याबद्दल तिने सांगितलेलेच खरे धरावे.

५. माझ्या मृत्यूची बातमी गॉडफ्रेने कोणाकडूनही खरी मानू नये. स्वतः यावे, माझ्या नाकाशी हात धरावा, मग रडावे. बातमी खोटी निघाली तर चहा घेऊन जावे. कसलीच बातमी नसली तरीही यावे.

सही: अँथनी पास्कोल रुमाव

आमच्यासमक्ष सही केली:
१. जयवंती हरिश्चंद्र पाटील, गिरीज
२. डॉ. सुमेधा वर्तक, वसई (शुद्धीत असल्याचे तपासून)

गिरीज, २१ फेब्रुवारी २०२४