ब्रेडाहून पाठवलेला कौल

ब्रेडा, ८ मे २०१६

ती. सुमतीताईस,
धनराजचा सा. न. वि. वि.

महिन्याला एक पत्र हा तुझा नियम, म्हणून बसलोय. सातवीत शाळा सोडलेल्या भावाचं अक्षर मोडू नये एवढ्यासाठी दोन देशांच्या टपालाला कामाला लावणारी तू एकटीच असशील. मागचं पत्र लाल शाईने अकरा खुणा करून परत पाठवलंस. यावेळी दहा कर.

लायडनचं फुलांचं काम सोडलं. आता हॉलंडातच, इथे ब्रेडात बुटांच्या गोदामात आहे. खोक्यावरचा नंबर बघायचा, खोका पट्ट्यावर सोडायचा. चार वर्षांत ही पाचवी जागा, तू मोजण्याआधी मीच सांगतो. एक मेला आयंडहोवनच्या मराठी इंजिनिअर लोकांनी महाराष्ट्र दिनाला बोलावलं होतं. चांगली माणसं. प्रत्येकाने विचारलं, कुठल्या कंपनीत. मी म्हटलं, बुटांच्या. त्यांना वाटलं, डिझाइनला. मी खुर्च्या लावून दिल्या, पुरणपोळी खाल्ली आणि आलो.

तुमच्याकडच्या मतदानाची चर्चा गोदामातही चालते. इंग्लंडने युरोपच्या संघात राहायचं की बाहेर पडायचं. मला मजा वाटते ती वेगळीच. आजोबांच्या गोव्यातल्या पोर्तुगीज काळच्या जन्मदाखल्यावर आपल्या दोघांना पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला. त्यावर तू स्विंडनला गेलीस, आणि तुझा पदर धरून केतनभावोजी. आता मत मात्र त्यांना, कारण ते अजून भारताचे, आणि भारत राणीच्या जुन्या गोतावळ्यातला, राष्ट्रकुलातला. तुला मत नाही. तेव्हा मतदान होईपर्यंत भावोजींना चहा बसल्या जागी देत जा.

लहान खोलीला रंग दिलास म्हणतेस. येतो. घाई करू नकोस.

लोभ आहेच, लाल शाईने तो कमी होऊ नये.

तुझा
धनराज


स्विंडन, २२ मे २०१६

चि. धनराज यास,
सुमतीचे अ. उ. आ.

खुणा बारा झाल्या, दहा नाही. पण 'खुर्च्या' बरोबर लिहिलंस.

"येतो" हा शब्द तू तीन वर्षं लिहितोयस. तो कधी चुकत नाही, कारण सरावाचा झालाय. खोलीची खिडकी मागच्या बागेकडे आहे. पलंग आणलाय. माझ्या बेकरीत सुपरवायझरशी बोलून ठेवलंय. आई तिकडे पेडण्यात एकटी, तू दर वर्षी नव्या गावात एकटा, आणि मी इथे. निदान दोघांनी तरी एका छपराखाली असावं, एवढीच माझी इच्छा. पण हा देश बाहेर पडला, तर तुझा पासपोर्ट इथे चालेल की नाही, कोणी सांगत नाही. माझंसुद्धा काय होईल, कोणी सांगत नाही.

आणि हे! मतदानाचं कार्ड कपाटावर उभं करून ठेवलंय, लग्नपत्रिकेसारखं. यांच्या कामावरचे सांगतात, युरोपची माणसं गेली की आपल्या माणसांना बोलावतील. यांना ते अर्धं पटलंय. मी म्हटलं, तुम्ही ज्या पासपोर्टवर इथे उभे आहात तो युरोपचाच आहे, बायकोला विचारा. तर म्हणतात, तू तुझ्या बाजूने बोलणार.

शेवटी म्हणाले, तुमच्या देवीला कौल लावू. देवी सांगेल तसं मत देईन. देवीपुढचं गाऱ्हाणं घरच्या मुलाच्या नावाने घालायचं असतं, म्हणून तू आईला फोन करून सांग. मी मध्ये पडत नाही. उद्या मला हवा तो कौल मागून घेतला, असं नको. प्रश्न सरळ घालायला सांग: संघातून बाहेर पडावं, असं मत द्यावं का? मूर्तीला लावलेल्या पाकळ्यांतली उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

उत्तर यांनाच कळव. जेवणाची आबाळ करू नकोस, जीव लागलेला असतो.

तुझी
ताई


ब्रेडा, १२ जून २०१६

ती. केतनभावोजींस,
धनराजचा सा. न. वि. वि.

कौल झाला. पाकळी उजवी पडली. बाहेर पडावं असं मत द्या.

देवीपुढे आपण कोण बोलणार? ताईला मतदान होईपर्यंत सांगू नका, उगीच वाद होतील. लोभ असावा, तो असतोच.

आपला
धनराज


स्विंडन, ३ जुलै २०१६

चि. धनराज यास,
सुमतीचे अ. उ. आ.

निकाल तुला कळलाच असेल. निकाल लागला त्या शुक्रवारी बेकरीत एकीने हसत विचारलं, मग तू परत कधी जाणार? मी ट्रे भरत राहिले. ती वाईट बाई नाही. माझ्या वाढदिवसाला तिनेच केक आणला होता.

घरी यांनी सांगितलं की मत बाहेर पडायला दिलं, आणि मान खाली घातली. म्हणाले, देवीचा कौल होता. देवीला पुढचं दिसलं असेल, म्हटलं. खरंच तसं वाटलं मला. चार दिवस हे नीट जेवले नाहीत, तर मीच समजूत घातली.

काल आईला फोन केला, कौलाबद्दल देवीची ओटी भर म्हणून सांगायला. आईने विचारलं, कसला कौल? देवळाचा जीर्णोद्धार चाललाय. छप्पर काढलंय, देवीला मार्च महिन्यातच कलशात बसवलंय, आणि कलशाला पाकळ्या लावत नाहीत. गावात चार महिने कोणाचाच कौल झालेला नाही.

यांना मी हे सांगितलेलं नाही. तुला एवढंच विचारते, उत्तर कोणी दिलं?

ताई


ब्रेडा, १० जुलै २०१६

ती. सुमतीताईस,
सा. न. वि. वि.

उत्तर मी दिलं.

आईला विचारलंच नव्हतं. त्या रविवारी फोन केला, यंदा आंबा किती आला ते ऐकलं आणि ठेवला. मग भावोजींना चार ओळी लिहिल्या. त्या चहा निवायच्या आत लिहून झाल्या. देऊळ उघडं पडलंय हे आईने मला एप्रिलमध्ये सांगितलं होतं. मी ऐकत नसणार.

मला त्या खोलीत यायचं नव्हतं. तुला नाही म्हणता येईना. इतर कुठूनही निघालो तर कोणी विचारत नाही. गोदामात कार्ड जमा केलं की झालं. तुझ्याकडून निघता येणार नाही. तेव्हा वाटलं, माझ्या वतीने तो देशच नाही म्हणेल, आणि तू माझ्यावर रागावणार नाहीस. तुझा स्वतःचा पासपोर्ट तोच आहे, हे मला माहीत होतं. मी त्याचा विचार केला नाही. एवढंच खरं आहे, याहून चांगलं कारण शोधलं तर सापडलं नाही.

गोदामात एक पोलिश म्हातारा आहे. त्याला सांगितलं. तो म्हणाला, लाखांनी फरक पडलाय, तुझ्या एका मताने काय होतं. ते बरोबर आहे. पण आपल्या घरात मत एकच आलं होतं. कार्ड भावोजींचं, ते जिच्या जिवावर तिथे राहतात ती तू, आणि ते मत दिलं मी, इथे बसून.

भावोजींना तू सांग किंवा मी लिहितो. खोलीचं म्हणशील, तर मी येणार नाही. हे एकदा मला स्वतःच्या हाताने लिहायचं होतं.

लोभ असावा असं म्हणायला तोंड नाही.

धनराज


स्विंडन, १७ जुलै २०१६

चि. धनराज यास,
अ. उ. आ.

यांना मी सांगणार नाही. यांना अजून वाटतं, देवीने सांगितलं. ते तू येऊन, समोर बसून सांग. तुमच्या हूकच्या बंदरातून इकडे बोट सुटते, गर्दी नसते म्हणतात.

पलंग शेजारणीला दिला. खोलीत आता यांची सायकल आणि बटाटे आहेत. तू बाहेर सतरंजीवर झोप, आणि दोन दिवसांनी जा. जाताना अडवणार नाही, डबा देईन.

तुझ्या पत्रात सोळा चुका होत्या. खूण एकही केली नाही. ते परत पाठवत नाही, माझ्याकडे राहू दे.

ताई